गाणं सुटत नाही तेव्हा : घट्ट पकडीचे गट आणि संगीतोपचार

आजचा विषय जरा आडवाटेचा आहे, तेव्हा आधी थोडी पायवाट करून घेऊ.

१९७९ च्या जानेवारीत 'सायकॉलॉजी टुडे' या अमेरिकन मासिकात मार्गारेट सिंगर या मानसशास्त्रज्ञ बाईंचा एक लेख आला. कॅलिफोर्नियात वेगवेगळ्या गटांतून बाहेर पडलेल्या तरुण माणसांचे चर्चागट त्या चालवत असत. या माणसांना बाहेर आल्यावर काय होतं, हे त्या लेखात त्यांनी एकेक करून मांडलं. नैराश्य येतं, एकटं वाटतं. आज कोणते कपडे घालू इतका साधा निर्णयही घेता येत नाही, कारण वर्षानुवर्षं तो दुसऱ्या कुणीतरी घेतलेला असतो. आणि आणखी एक चमत्कारिक गोष्ट होते. रस्त्यानं चालता चालता, बोलता बोलता मन एकदम जुन्या तंद्रीत घसरतं. काही क्षण माणूस परत 'तिथेच' असतो. पुढे या प्रकाराला 'फ्लोटिंग' असं नाव पडलं. आपण त्याला तरंगणं म्हणू. त्याला निमित्त फार थोडं लागतं. एखादा शब्द, एखादा वास किंवा एखादी चाल. गटाचं नामस्मरण किंवा गाणं हे त्यातलं फार सहज घडणारं निमित्त.

म्हणजे बघा, माणूस गटातून निघाला, पत्ता बदलला, दुसरी नोकरी धरली; पण गाणं मात्र बरोबर आलं. आता याच माणसाला कुणी सांगितलं की 'चला, संगीतानं तुम्हाला बरं करू', तर त्यानं घाबरावं की नाही? आज आपल्याला या प्रश्नापाशी जायचं आहे, आणि तेही इतिहासाच्या वाटेनं.

शब्दाबद्दल दोन वाक्यं. इंग्रजीतला 'कल्ट' हा शब्द आता मराठी वर्तमानपत्रांतही येतो, पण तो शिवीसारखा वापरला जातो. आपल्याकडचा 'बुवाबाजी' हा शब्द चांगला आहे, पण तो बुवाकडे बोट दाखवतो, गटाकडे नाही. आणि 'पंथ' म्हणावं तर महानुभाव, नाथ, वारकरी हे सगळेच पंथ. त्यांना या चर्चेत ओढायचं काही कारण नाही. म्हणून आपण 'घट्ट पकडीचे गट' म्हणू. सदस्यानं कुणाशी बोलावं, काय वाचावं, कधी झोपावं, कुणाशी लग्न करावं, पैसा कुठे द्यावा हे सगळं जिथे वरून ठरतं, आणि बाहेर पडण्याची किंमत माणसाला परवडणार नाही इतकी वाढवून ठेवलेली असते, तो घट्ट पकडीचा गट. त्यात देव असेलच असं नाही. राजकारण असू शकतं, व्यायाम असू शकतो, उपचारसुद्धा असू शकतो.

आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं, त्यामुळे प्लेटोला टाळून पुढे जाता येत नाही. 'रिपब्लिक'च्या तिसऱ्या भागात प्लेटो आदर्श नगरातून काही स्वरमेळ हद्दपार करतो. लिडियन नको, ते रडवे. आयोनियन नको, ते सैल. डोरियन आणि फ्रिजियन ठेवा, सैनिकाला आणि संयमी माणसाला ते योग्य. आमच्या वर्गात मुलं या जागेवर हसायची. 'सर, हा म्हातारा रेडिओ बंद करायला निघालाय' म्हणायची. पण प्लेटोला जे कळलं होतं ते हसण्यासारखं नाही. संगीत युक्तिवादाच्या दारानं आत येत नाही, ते त्याच्या आधीच आत येऊन बसतं, म्हणून राज्यकर्त्यानं त्यावर ताबा ठेवावा असं त्याचं म्हणणं. तोच प्लेटो म्हातारपणी, 'लॉज'मध्ये, वेगळं काहीतरी सांगतो. आई रडणाऱ्या बाळाला गप्प ठेवून निजवत नाही, हलवून आणि गाऊन निजवते. कोरिबांटांच्या विधीत झपाटलेल्या माणसाला नाच आणि बासरी देऊनच शांत करतात. आतली खळबळ बाहेरच्या हालचालीनं आवरते. ॲरिस्टॉटलनं 'पॉलिटिक्स'च्या आठव्या भागात हाच धागा उचलला : पवित्र सुरांनी उन्मादात गेलेली माणसं त्याच सुरांनंतर, जणू वैद्यानं औषध द्यावं तशी, पूर्ववत होतात. तिथे त्यानं 'कॅथार्सिस' हा शब्द वापरला आहे.

म्हणजे ताब्यात ठेवणं आणि बरं करणं, ही दोन्ही कामं संगीताकडे पहिल्यापासून आहेत, आणि ती एकाच जागेतून निघतात. ती जागा कोणती? विल्यम मॅकनील या इतिहासकारानं १९९५ मध्ये 'कीपिंग टुगेदर इन टाइम' नावाचं पुस्तक लिहिलं. १९४१ मध्ये तो सैन्यात भरती झाला तेव्हा टेक्सासच्या तळावर त्यांच्याकडून तासन्‌तास कवायत करून घेत. युद्धाच्या दृष्टीनं निरुपयोगी, पण सगळ्यांच्या पायाबरोबर आपला पाय पडतो तेव्हा माणसाला आपण मोठे झाल्यासारखं, पसरल्यासारखं वाटतं, हा अनुभव तो विसरला नाही. त्यातून त्यानं कवायत आणि नाच यांचा इतिहासच लिहिला. २०१३ मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्गमधल्या संशोधकांनी समूहगायकांच्या हृदयाची स्पंदनं मोजली. एकत्र गाताना श्वास एका लयीत येतो आणि त्यामागोमाग हृदयगतीचे चढउतारही एकमेकांशी जुळतात, असं त्यांना दिसलं. आता हे चांगलं की वाईट? भजनाला बसलेल्या माणसाला विचाराल तर तो म्हणेल, याचसाठी तर येतो. ते खरंच आहे. स्पंदनं जुळण्यात काही पाप नाही. पाहायचं ते एवढंच, की गाणं संपल्यावर माणूस आपल्या घरी जायला मोकळा आहे का.

आता एक उदाहरण सविस्तर घेऊ. जिम जोन्सचं पीपल्स टेंपल. नोव्हेंबर १९७८ मधलं गयानातलं हत्याकांड तुम्हाला माहीत असेल. जोन्सटाउन, विमानाची धावपट्टी आणि राजधानी जॉर्जटाउन मिळून ९१८ माणसं गेली, त्यांत तीनशेहून जास्त मुलं. त्या शेवटच्या दिवसाबद्दल इतकं बोललं जातं की आधीची वीस-पंचवीस वर्षं झाकली जातात. जोन्सनं इंडियानापोलिस शहरात १९५० च्या दशकात सुरुवात केली. अमेरिकेत गोरे आणि काळे वेगवेगळ्या चर्चमध्ये जात होते तेव्हा त्याच्या चर्चमध्ये ते शेजारी शेजारी बसत. १९६५ मध्ये मंडळी कॅलिफोर्नियाला गेली, पुढे सॅन फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिसला शाखा झाल्या. सदस्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय, त्यांत दक्षिणेतून आलेल्या वयस्क बायका पुष्कळ.

आणि त्यांचं गायन फार चांगलं होतं. हे सांगायला जरा अवघडल्यासारखं होतं, पण सांगितलं पाहिजे. १९७३ मध्ये त्यांच्या गायकवृंदानं 'हीज एबल' नावाची ध्वनिमुद्रिका काढली. ती आजही ऐकायला मिळते. सुरुवातीचं स्वागतगीत मुलांनी गायलं आहे. एक गाणं जोन्सची बायको मार्सेलिननं गायलं आहे. व्यावसायिक दर्जाचं वादन, भरदार आवाज. हे संगीत जोन्सनं निर्माण केलं नव्हतं. ते काळ्या चर्चचं गॉस्पेल. गुलामगिरीतली भक्तिगीतं, मग १९३० च्या दशकात शिकागोत थॉमस डॉर्सीसारख्यांनी त्यात ब्लूजचा रंग मिसळून घडवलेली गॉस्पेलची परंपरा. त्या बायका हे गाणं आपल्या आईच्या कुशीतून घेऊन आल्या होत्या. जोन्सनं एवढंच केलं की गाण्यातला 'तो' हळूहळू बदलला. 'तो समर्थ आहे' या शीर्षकातला 'तो' कोण? चर्चमध्ये तो देव होता. टेंपलमध्ये पुढे पुढे जोन्स बायबलची टर उडवू लागला, स्वतःला 'फादर' म्हणवून घेऊ लागला, तेव्हा तोच सूर आणि तीच टाळी नव्या मालकाच्या नावावर चढली. कागदपत्रात फक्त नाव बदलावं आणि घर दुसऱ्याचं व्हावं, तसं.

१७ नोव्हेंबर १९७८ च्या रात्री, लिओ रायन हे काँग्रेस-सदस्य चौकशीसाठी जोन्सटाउनला आले असताना, त्यांच्यासाठी मंडपात गाण्याबजावण्याचा कार्यक्रम झाला. 'जोन्सटाउन एक्स्प्रेस' हा तिथला वाद्यवृंद वाजवत होता. लोक उभे राहून टाळ्या देत होते. बरोबर आलेल्या टीव्हीच्या लोकांनी ते चित्रित केलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रायन धावपट्टीवर गोळ्यांनी मारले गेले होते आणि त्याच मंडपाभोवती प्रेतं पडलेली होती. ते चित्रीकरण पाहताना अनेकजण म्हणतात, ही सगळी बतावणी होती. आम्हाला तसं वाटत नाही. कार्यक्रम दाखवण्यासाठी होता हे खरं, पण गाणाऱ्यांचा आनंद खोटा होता असं म्हणायला आधार नाही. आणि इथेच वाचलेल्यांची अडचण सुरू होते. सगळं खोटं असतं तर फेकून देणं सोपं होतं.

त्या दिवशी गयानात असूनही जे वाचले ते शंभराहून कमी. कॅलिफोर्नियात मागे राहिलेले, आधी सोडून गेलेले वेगळे. त्यांच्यापुढे गाण्याचं काय करायचं हा प्रश्न होता. गॉस्पेल ऐकलं की मेलेली मुलं आठवणार. ऐकायचंच नाही म्हटलं तर आईचं, आजीचं, चर्चचं गाणंही गेलं. म्हणजे जोन्सनं माणसं तर नेलीच, वर त्यांचा वारसाही नेला. २००५ मध्ये बर्कलीच्या रंगभूमीवर ली फोंडाकोव्स्की आणि सहकाऱ्यांनी वाचलेल्यांच्या प्रदीर्घ मुलाखतींवरून 'द पीपल्स टेंपल' हे नाटक उभं केलं, आणि त्यात टेंपलची गाणी रंगमंचावर गायली गेली. हा उपचार नव्हता, नाटक होतं. पण सत्तावीस वर्षांनी ती गाणी अशा खोलीत ऐकू आली जिथे जोन्स नव्हता, दार उघडं होतं आणि कुणीही उठून जाऊ शकत होतं.

आता संगीतोपचाराकडे. आपल्याकडे हा शब्द उच्चारला की लगेच याद्या निघतात : अमुक राग रक्तदाबावर, तमुक राग निद्रानाशावर. व्हॉट्सॲपवर तुम्हालाही आल्या असतील. त्या बाजूला ठेवू. व्यवसाय म्हणून संगीतोपचार दुसऱ्या महायुद्धातून आला. अमेरिकेतल्या सैनिकी रुग्णालयांत जखमी, हादरलेली माणसं भरली होती. वादक यायचे, वाजवायचे, काही रुग्ण बोलू लागायचे. पण नुसतं वाजवून भागत नाही, रुग्ण समजायला हवा, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं. १९४४ मध्ये मिशिगनमध्ये पहिला अभ्यासक्रम सुरू झाला, मग कॅन्सस विद्यापीठात थेयर गॅस्टननं शिकवायला सुरुवात केली, १९५० मध्ये राष्ट्रीय संघटना झाली. इंग्लंडमध्ये ज्युलिएट अल्व्हिन या चेलोवादक बाईंनी १९५८ मध्ये संस्था काढली.

याच काळात डेट्रॉइटजवळच्या एलोइज रुग्णालयात आयरा अल्टशुलर नावाचे मनोविकारतज्ज्ञ काम करत होते. त्यांनी एक तत्त्व मांडलं, ते आजही शिकवतात : 'आयसो' तत्त्व, म्हणजे समभावाचं. उदास माणसाला आनंदी गाणं लावू नका. आधी त्याच्या उदासीला जुळेल असं लावा, त्याच्या जागी जा, आणि मग पावलापावलानं लय, सूर बदलत त्याला दुसरीकडे न्या. किती शहाणपणाचं आहे! पण जरा थांबा. आपण नुकतंच जे पाहिलं ते आठवा. जोन्सची सभा कशी चालायची? आधी ऑर्गन हळू, ओळखीचं भक्तिगीत, थकलेल्या माणसाच्या जागी जाणं. मग लय वाढवत, टाळ्या, उभं राहणं, आणि मग सगळा सभागृह जोन्सला हवा तिथे. तंत्र एकच आहे. अल्टशुलर आणि जोन्स यांनी एकमेकांकडून उचललं असं मुळीच नाही. माणसाचं मनच असं आहे.

मग फरक कुठे करायचा? आमच्या मते तंत्रात शोधला तर तो सापडणार नाही. उपचारक आधी सांगतो की मी काय करणार आहे आणि कशासाठी. सभेत ते सांगितलं तर सभाच मोडेल. उपचारात रुग्ण 'थांबा' म्हणू शकतो आणि खरंच थांबवलं जातं. आणि उपचारकाचं यश रुग्ण येईनासा होण्यात आहे, गुरूचं यश तो रोज येण्यात. आमचे एक जुने सहकारी यावर म्हणायचे की असे उपचारकही पुष्कळ आहेत ज्यांना रुग्ण सुटलेला आवडत नाही. बरोबर आहे. म्हणून तर व्यवसायाला नियम लागतात.

हा फरक नीट धरला की काही प्रचलित पद्धती या माणसांसाठी तपासून घ्याव्या लागतात. हेलन बॉनी या बाईंची पद्धत घ्या. बाल्टिमोरजवळच्या मेरिलँडच्या मनोविकार संशोधन केंद्रात एलएसडी देऊन मानसोपचाराचे प्रयोग चालत, तिथे त्या संगीत निवडण्याचं काम करत. १९७२ मध्ये वॉल्टर पान्के यांच्याबरोबरचा त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. पुढे औषध गळलं आणि संगीत उरलं : रुग्ण आडवा, अंग सैल, पाश्चात्य अभिजात संगीताचा आखलेला क्रम, आणि मनात येणारी चित्रं तो उपचारकाला सांगत जातो. पुष्कळांना याचा लाभ झाला आहे. पण ज्याचा आजारच मुळी तंद्रीत घसरणं हा आहे, ज्याला रोज तासन्‌तास डोळे मिटायला लावून मन रिकामं करायला शिकवलं गेलं, त्याला पहिल्याच भेटीत 'डोळे मिटा, सैल व्हा, सुरांबरोबर जा' म्हणणं म्हणजे भाजलेल्याला शेक देणं. बॉनीच्या पद्धतीचे जाणकारही ज्यांची वास्तवाची पकड सैल आहे अशांच्या बाबतीत सावध असतात.

अशा माणसासाठी उलट्या टोकानं सुरू करणं योग्य. डोळे उघडे, पाय जमिनीवर, हातात वाद्य. आवाजाची कळ त्याच्याच हातात. १९५९ पासून पॉल नॉर्डॉफ आणि क्लाइव्ह रॉबिन्स यांनी इंग्लंडमध्ये मतिमंद आणि विकलांग मुलांबरोबर जे काम सुरू केलं, त्यात मूल ढोलावर एक थाप मारतं आणि पियानोवरचा माणूस त्या थापेला उत्तर देतो. पुढाकार मुलाचा, साथ उपचारकाची. घट्ट पकडीच्या गटातून आलेल्या प्रौढाला हीच उलथापालथ हवी असते. इतकी वर्षं त्यानं दुसऱ्याच्या लयीत पाय टाकला. आता त्यानं लय चुकवली तर कुणी रागावत नाही, उलट समोरचा त्या चुकीबरोबर येतो. गाणं लिहिणं हाही एक मार्ग आहे, त्यावर ऑस्ट्रेलियाच्या फेलिसिटी बेकर यांनी पुष्कळ काम केलं आहे. रॉबर्ट लिफ्टन यांनी १९६१ च्या पुस्तकात विचारपरिवर्तनाची जी आठ लक्षणं सांगितली, त्यांत एक भाषेचं आहे : गट ठरावीक शब्द देतो आणि त्या शब्दांतच विचार करायला लावतो. अशा माणसाकडून स्वतःच्या शब्दांत चार ओळी येणं याला फार वेळ लागतो. त्या ओळी वाईट असल्या तरी चालतात. किंबहुना वाईट असण्याची परवानगी हाच त्यातला उपचार.

तरंगवणारं गाणं समोर आलं तर काय? ते टाळत राहणं काही दिवस ठीक. पुढे मात्र एकेक तुकडा करून ते उघडून पाहता येतं. ही चाल कुठून घेतली, इथे लय का वाढवली, इथे ढोल का येतो. जादूगाराची पेटी उघडून पाहावी तसं. समजलं की ओढ लगेच जात नाही, पण ओढ लागली हे त्या क्षणी कळू लागतं.

एक प्रकार मात्र याहून अवघड आहे. जे मोठेपणी आत गेले त्यांच्याजवळ 'आधीचं' गाणं असतं, शाळेतलं, सिनेमातलं. उपचारक तिथून धागा धरू शकतो. पण जे गटातच जन्मले त्यांना आधी असं काही नसतंच. 'चिल्ड्रन ऑफ गॉड' या गटानं रस्त्यांवर गात गात माणसं मिळवली. 'फ्लीटवूड मॅक'चा गिटारवादक जेरेमी स्पेन्सर १९७१ मध्ये दौऱ्यावरून निघून त्यांच्यात गेला तो परत बँडमध्ये आलाच नाही. त्याच्यापाशी निदान ब्लूज होतं. त्या गटातल्या मुलांना मात्र लहानपणापासून रस्त्यावर उभं करून गायला लावत. पुढे नट झालेला रिव्हर फीनिक्स व्हेनेझुएलात बहिणीबरोबर असाच गायचा.

याचं सगळ्यांत कठोर रूप चिलीत दिसतं. पॉल शेफर हा जर्मन उपदेशक बालकांवरच्या अत्याचारांच्या आरोपातून निसटून १९६१ मध्ये चिलीला गेला आणि पार्राल गावाजवळ त्यानं कोलोनिया दिग्निदाद वसवली. नावाचा अर्थ प्रतिष्ठेची वसाहत. शेकडो जर्मन माणसं. आईबापांपासून मुलं वेगळी, पुरुष वेगळे, बायका वेगळ्या, लग्नाला परवानगी लागे. शेफर मुलांवर अत्याचार करत राहिला. १९७३ च्या उठावानंतर पिनोशेच्या गुप्त पोलिसांनी तिथे कैद्यांचा छळ केला. आणि बाहेरून पाहुणे आले की काय दिसायचं? नीटनेटकी मुलं, जर्मन लोकगीतं, वाद्यवृंद, समूहगायन. संगीत इथे दोन कामं करायचं : आतल्यांना ओळीत ठेवायचं आणि बाहेरच्यांचे डोळे दिपवायचं. बाहेरचे डोळे इतके दिपले की जर्मन वकिलातीनं दशकानुदशकं तक्रारींकडे काणाडोळा केला, आणि हे २०१६ मध्ये खुद्द जर्मन परराष्ट्रमंत्र्यांनी मान्य केलं.

शेफर १९९७ मध्ये पळाला, २००५ मध्ये अर्जेंटिनात सापडला, २०१० मध्ये सान्तियागोच्या तुरुंगात मेला. जागा आता 'व्हिया बाव्हिएरा' म्हणून चालते. पर्यटक येतात, जेवतात. पुष्कळ माणसं तिथेच राहिली, कारण जाणार कुठे? स्पॅनिश जेमतेम, पैसा नाही, जर्मनी परकी. २०२० मध्ये एस्तेफान वाग्नर आणि मारियाने हौगेन-मोरागा यांनी त्यांच्यावर माहितीपट केला, त्याचं नावच 'साँग्ज ऑफ रिप्रेशन', दडपणुकीची गाणी. त्यात ही म्हातारी होत चाललेली माणसं भूतकाळाबद्दल बोलतात, काही बोलायचं टाळतात, आणि गातात.

इथे उपचारकानं काय करावं? ते गाणं शेफरनं शिकवलं, म्हणून थांबवावं? पण त्या माणसांना एकमेकांना धरून ठेवणारं तेवढंच एक आहे, आणि चांगलं असं जे काही बालपणात मिळालं तेही तेवढंच. चालू ठेवावं, तर गाणं न बोलण्याची सोय होऊन बसतं. सूर लागला की प्रश्न थांबतात. आम्हाला वाटतं, थांबवू नये, आणि सगळ्यांनी मिळून गावं असा आग्रहही धरू नये. त्या समूहात न गाता बसून राहिलेल्या माणसाशेजारी कुणीतरी जाऊन बसावं, आणि त्याचं न गाणं हे आजारपण आहे असं समजू नये. साठ वर्षांत त्या जागेवर कुणाला गप्प बसण्याची मुभा नव्हती.

प्रश्न असतील तर आता घेऊ.